बुद्धिबळ : समोरासमोर आणि पडद्यावर

बुद्धिबळाचा पट म्हणजे 64 घरे आणि 32 मोहरी. लाकडी पट मांडून शेजारच्या मित्राशी खेळा किंवा इंटरनेटवरून हजारो किलोमीटर दूरच्या खेळाडूशी खेळा. घोडा अडीच घरेच जातो, उंट तिरपाच चालतो आणि राजावर मात झाली की डाव संपतो. मग या दोन प्रकारांत फरक तो काय? पुष्कळांना वाटते की हा फरक केवळ सोयीचा आहे. परंतु थोडे खोलात शिरले म्हणजे असे दिसते की, समोरासमोरच्या खेळात काही गोष्टी आपल्याला आयत्या मिळतात आणि पडद्यावर त्या मुद्दाम निर्माण कराव्या लागतात. या गोष्टी कोणत्या, ते आपण पाहू.

खेळी म्हणजे निरोप

कुस्ती टपालाने खेळता येत नाही, क्रिकेटही नाही. बुद्धिबळ मात्र खेळता येते, कारण बुद्धिबळातील खेळी ही मुळात एक माहिती आहे. ही माहिती किती असते, याचा हिशोब सोपा आहे. पटावरील एखादे घर ओळखण्यासाठी फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे मिळणारे प्रश्न विचारायचे आहेत, असे समजा. पहिल्या प्रश्नाने 64 घरांची 32 उरतील, दुसऱ्याने 16, मग 8, 4, 2 आणि सहाव्या प्रश्नाने नेमके एक घर सापडेल. मोहरे कोणत्या घरातून निघाले हे सांगायला सहा उत्तरे आणि कोणत्या घरात गेले हे सांगायला आणखी सहा. एकंदर बारा ‘होय-नाही’ उत्तरांत खेळी पूर्ण सांगता येते. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचे काय केले, एवढे सांगायला मात्र आणखी दोन उत्तरे लागतील.

इतका लहान निरोप कोणत्याही साधनाने पाठवता येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही सुमारे 60 किलोमीटरची तारायंत्राची लाइन 1844 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावरून बुद्धिबळाचे डाव खेळले गेले. 1945 साली अमेरिका आणि सोव्हिएट संघ यांच्यात रेडिओवरून सामना झाला. 1965 साली हवाना येथील स्पर्धेला जाण्याची परवानगी अमेरिकन सरकारने बॉबी फिशरला दिली नाही, तेव्हा तो न्यूयॉर्कमधील एका क्लबात बसून टेलिप्रिंटरवरून ती स्पर्धा खेळला. 1970 साली तर सोयुझ-9 यानातील दोन अंतराळवीरांनी पृथ्वीवरील दोघांशी डाव मांडला आणि तो बरोबरीत सुटला. म्हणजेच दूर बसून बुद्धिबळ खेळणे ही कल्पना इंटरनेटहून पुष्कळ जुनी आहे. खेळी तारेवरून गेली तरी तिच्यात काडीचाही फरक पडत नाही.

घड्याळ कोणाचे खरे?

खेळीबरोबर वेळ मात्र तितक्या सहजपणे जात नाही. समोरासमोरच्या स्पर्धेत दोन्ही खेळाडूंमध्ये एकच जोडघड्याळ असते. आपली खेळी झाली की खेळाडू कळ दाबतो. त्याची वेळ थांबते आणि प्रतिस्पर्ध्याची सुरू होते. दोघेही तेच घड्याळ पाहत असल्याने वादाला जागा राहत नाही.

पडद्यावर मात्र खेळीला प्रवास करावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. भागाकार केला तर एका बाजूच्या प्रवासाला निदान 1/16 सेकंद लागतो. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते आणि वाटेतील यंत्रेही थोडा वेळ खातात. समजा, प्रत्येक खेळीमागे तुमचा 1/5 सेकंद असा खर्च झाला. 60 खेळ्यांच्या डावात हे 12 सेकंद झाले. प्रत्येकाला दीड तास असेल तर 12 सेकंदांचे कोणी काही वाटून घेणार नाही. पण प्रत्येकाला एकच मिनिट मिळणाऱ्या झटपट डावात तुमची पाचवा हिस्सा वेळ गेली! म्हणून काही संगणक-व्यवस्थांत प्रवासाची वेळ मोजून ती खेळाडूला परत देतात. अर्थात याला मर्यादा ठेवावी लागते. नाही तर कोणी मुद्दाम आपली लाइन संथ करून विचाराला फुकट वेळ मिळवील.

आणि संपर्कच तुटला तर? 30 ऑगस्ट 2020 रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या भारतीय खेळाडूंचा संपर्क तुटला आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली. त्या वेळी इंटरनेटच्या सेवेत मोठ्या प्रमाणावर बिघाड झाला होता, हे ध्यानात घेऊन जागतिक बुद्धिबळ महासंघाने दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवले. सभागृहात दिवे गेले असते तर पंचाने दोन्ही घड्याळे थांबवली असती, कारण तेथे अंधार दोघांनाही सारखाच असतो. पडद्यावरच्या खेळात एकाच्याच बाजूला अंधार होऊ शकतो. खरी अडचण आहे ती हीच.

साक्षीदार कोण?

समोरासमोरच्या खेळात मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने हात लागला, की ते मोहरे खेळावेच लागते. पडद्यावर हात दिसत नाही. बोट घसरून मोहरे भलत्याच घरात पडले तर तीच खेळी धरली जाते. उलट, नियमबाह्य खेळी संगणक मुळी होऊच देत नाही. लाकडी पटावर अशी चूक घडली तर पंच प्रतिस्पर्ध्याला जादा वेळ देतो. थोडक्यात, नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम डोळ्यांकडून यंत्राकडे गेले आहे.

परंतु एक गोष्ट यंत्राला दिसत नाही. 1997 साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यात हरवले. आज साध्या मोबाइलवरचा कार्यक्रमही जगज्जेत्याहून सरस खेळतो. घरी बसलेला खेळाडू असे साहाय्य घेत नाही, हे कसे ओळखायचे? महत्त्वाच्या स्पर्धांत खोलीत कॅमेरे लावतात. शिवाय खेळाडूच्या खेळ्या आणि संगणकाच्या खेळ्या किती जुळतात, हे गणिताने तपासतात. येथे सावध राहावे लागते. समजा, ही तपासणी इतकी काटेकोर आहे की 1,000 प्रामाणिक खेळाडूंपैकी एकावरच ती चुकून संशय घेते. तरीही 1 लाख प्रामाणिक खेळाडूंची तपासणी केली तर 100 निरपराध मुलामाणसांवर ठपका येईल! म्हणून आकड्यांवरून संशय घ्यावा, पण शिक्षा देण्यापूर्वी दुसरा पुरावा शोधावा. सभागृहातही फसवणूक घडू शकते. मात्र तेथे शंभर डोळे जागे असतात.

आणि विचार?

2020 सालच्या साथीत मोठमोठ्या स्पर्धा ऑनलाइन घ्याव्या लागल्या. त्याचा फायदा घेऊन काही अर्थशास्त्रज्ञांनी त्याच खेळाडूंच्या समोरासमोरच्या आणि ऑनलाइन खेळ्या संगणकाकडून तपासून घेतल्या. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की ऑनलाइन खेळताना चुका वाढल्या होत्या. परंतु काळ गेला तसा हा फरक कमी होत गेला. याचा अर्थ माणूस नव्या परिस्थितीला सरावतो. दिव्या देशमुखचेच पाहा. 2020 साली संपर्क तुटून डाव गमावलेल्या या मुलीने 2025 साली जॉर्जियातील बाटुमी येथे समोरासमोर खेळून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

करून पाहा

तुमची स्वतःची स्थिती काय आहे, हे तुम्हालाच तपासता येईल. एकाच मित्राशी वीस डाव खेळा : दहा लाकडी पटावर, दहा पडद्यावर. प्रत्येकाला 15 मिनिटे द्या. एक डाव पटावर तर पुढचा पडद्यावर, असे आलटून पालटून खेळा. म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. सर्व खेळ्या लिहून ठेवा आणि फुकट गमावलेली मोहरी मोजा. वीस डावांवरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही, हे खरे. पण पडद्यावर घाई होते की पटावर मन भटकते, याचा अंदाज नक्की येईल. मोजदाद मात्र प्रामाणिकपणे करा, कारण या प्रयोगात पंच तुम्हीच आहात.