सायकलची चेन आणि घरातला सोडा

आपल्याकडच्या कितीतरी मुली सायकलवरून हायस्कूलला जातात. कुणाला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली, कुणाच्या आईने बचत गटाचं कर्ज काढून घेतली. पण पावसाळा सरला की बऱ्याच सायकली भिंतीला टेकलेल्या दिसतात. चेन जाम, पायडल जड. मग पोरगी चालत जाते, दमते, आणि आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडायला लागते. अशा पुष्कळ सायकलींना दुकान लागत नाही, घरातल्या वस्तू पुरतात.

पूर्वी रॉकेलची चिंधी फिरवली की काम व्हायचं. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून कुणी मोटारसायकलीतलं पेट्रोल काढतं. ते नको. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, जमिनीलगत पसरते आणि चार पावलांवरच्या चुलीनेही पेटते. घरात रॉकेल असेलच तर ते पाण्याच्या बाटलीत कधी भरू नका. तहानलेलं लेकरू सरळ तोंडाला लावतं.

चेनवरचा काळा थर म्हणजे जुनं तेल आणि त्यात बसलेली धूळ. तो पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतो. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. जुन्या सुती कापडाने चेन कोरडी पुसा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे थोडे थेंब लावून पायडल हळू फिरवा आणि पुन्हा पुसा. निम्मा मळ इथेच जातो. फिरवताना बोटं आणि ओढणी चेनपासून लांब ठेवा, लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नका.

उरलेल्यासाठी तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्याचा साबण विरघळवा. जुन्या टूथब्रशने चेन आणि दातेरी चक्रं घासा. सोडा नसेल तर लाकडाची राख रात्रभर पाण्यात भिजवा आणि वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्या. राखेतला क्षार तेलकटपणाचा साबण करतो, भांडी निघतात ती त्यामुळेच. पण गाळलेलंच पाणी घ्या. राखेचे कण चेनच्या सांध्यात अडकले तर लोखंड झिजतं. हे पाणी हाताला झोंबतं. रंगावर आणि ॲल्युमिनियमवर सोडा, राख दोन्ही नको. सायकलच्या सांगाड्याला शॅम्पूची एक पुडी भरपूर झाली.

लोखंडी रिमवरच्या गंजाला चिंच-मीठ चालतं. मात्र ते लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं करा, नाहीतर मीठ राहिलं की दुप्पट गंज चढतो.

आता तेल घालणं. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, करडईचं तेल घालते की, घरचंच आहे! फोडणीच्या जागेमागची भिंत आठवा. तिथे उडालेलं तेल काही दिवसांनी कसं चिकट होतं? खाण्याचं तेल चेनवरही तसंच वाळतं आणि धूळ धरतं. करडई, जवस तर फारच लवकर. ट्रॅक्टरचं जळकं काळं ऑइलही नको, त्यात काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस असतो. शिलाई मशीनचं तेल बरं. चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाका, पायडल फिरवा आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. काम आतल्या तेलाचं असतं, वरचं नुसतं धूळ गोळा करतं. हे तेल पातळ, म्हणून पावसात चेन भिजली की पुन्हा घालावं लागतं.

एक गोष्ट मुलीलाही सांगून ठेवा: रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा थेंबही लागता कामा नये, उतारावर ब्रेक लागणार नाही. चुकून लागलाच तर साबणाने धुऊन, ब्रेक दाबून बघून मगच सायकल बाहेर काढा.

हात काळे झाले तर लगेच साबण नको. आधी चमचाभर गोडेतेल आणि चिमूटभर साखर चोळा, कापडाने पुसा, मग साबण लावा. आणि ते मळकं पाणी विहिरीच्या किंवा हापशाच्या कडेला ओतू नका.