चित्रफितीपासून जिफपर्यंत : लेखांक 7 – आकाशातील पट्टे

पुनरावृत्तीचे, म्हणजे शेवटचे चित्र पहिल्याला बेमालूम कसे जोडावे याचे, प्रकरण आज घ्यावयाचे ठरले होते. परंतु रत्नागिरीच्या एका वाचक भगिनींनी पाठविलेले भाट्याच्या किनाऱ्यावरील सूर्यास्ताचे जिफ पाहिल्यावर ते आठ दिवस तहकूब करणे मला अगत्याचे वाटले. मूळ चित्रणात केशरी रंग चढत चढत जांभळ्यात कोठे विरतो याचा पत्ता लागत नाही. जिफमध्ये मात्र त्याच आकाशावर आडवे, ठसठशीत पट्टे उमटले आहेत. आपले काय चुकले, असे त्या विचारतात.

मूळ चित्रणातील प्रत्येक बिंदूला लाखो छटांतून निवड करण्याची मुभा असते. उलट जिफमधील चित्राला रंगांचे जे कोष्टक मिळते त्यात, कॉम्प्युसर्व्हने 1987 साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे, 256हून अधिक नोंदी होत नाहीत. वाळू, लाटा आणि माडांच्या सावल्या यांनी आपापला वाटा उचलल्यावर आकाशाच्या वाट्याला ज्या मोजक्या छटा उरतात, त्यांच्या सीमारेषा म्हणजेच हे पट्टे होत.

म्हणून पहिली तजवीज कोष्टकाची. कोणत्याही चित्राला चालावे म्हणून बनविलेले तयार कोष्टक न पत्करता, हवा तेवढाच तुकडा कापून, त्याची रुंदी ठरवून, मगच एफएफएमपेगमधील ‘पॅलेटजेन’कडून त्या तुकड्यापुरते कोष्टक करवून घ्यावे. त्यात केवळ हलत्या भागाला झुकते माप देण्याची सोय आहे. बोलणाऱ्या चेहऱ्याला ती उपकारक ठरते, पण येथे हलतात त्या लाटा आणि शोभा आहे ती स्थिर आकाशाची, तेव्हा संपूर्ण चित्राची गणना करणारी मूळ पद्धतच ठेवावी.

दुसरी तजवीज डिदरिंगची. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत, एखाद्या बिंदूला नेमकी छटा न मिळाल्यामुळे जी तूट राहते तिचे सोळा भाग करून सात उजवीकडच्या, आणि खालच्या ओळीतील तिघांना अनुक्रमे तीन, पाच व एक असे वाटून दिले जातात. त्यामुळे पट्टा मोडतो आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला सलग चढण भासते. स्थिर चित्राला ही रीत अप्रतिम. परंतु चलच्चित्रात एका बिंदूतील किंचित फेरफार पुढच्या सर्व वाटणीत झिरपत जातो आणि स्वच्छ आकाश मुंग्या चालाव्यात तसे वळवळू लागते. म्हणून अशा दृश्यांसाठी माझा कौल ‘पॅलेटयूज’मधील बायर पद्धतीला आहे. तिच्यातील कणांची नक्षी ठरावीक जागी राहते, त्यामुळे स्थिर आकाश बव्हंशी स्थिरच दिसते.

या सर्वांचा जमाखर्च फाइलच्या आकारात मोजावा लागतो, हे खरे. जिफची संकोचनपद्धती ओळीतील बिंदू डावीकडून उजवीकडे वाचीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या मालिकांना एकेक क्रमांक देते, त्यामुळे सपाट पट्टा तिला स्वस्त पडतो आणि कणीदार आकाश महाग. तरीही पट्टे पत्करून वाचविलेले किलोबाइट ही काटकसर नव्हे. आकार कमी करावयाचा तर रुंदी 480 बिंदूंवर आणावी, एखादा सेकंद छाटावा, सेकंदाला पंचवीसऐवजी दहा चित्रे ठेवावीत. आकाशाला मात्र हात लावू नये.