लेखांक ७ : पाच व्होल्ट पोर्टापर्यंत पोचतात का?

यूएसबीच्या मूळ केबलमध्ये चार तारा असतात. माहिती वाहणाऱ्या दोन तारा आपण मागच्या आठवड्यात पाहिल्या. आज उरलेल्या दोन, पाच व्होल्टची आणि ग्राउंडची. या दोन तारांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांच्या निम्म्या तक्रारी तिथेच उगम पावतात असे मला वाटते. पेन ड्राइव्ह मध्येच गायब होतो, वायफायचा डोंगल दर तासाला तुटतो, हार्ड डिस्क टकटक करून थांबते. मग ड्रायव्हर बदलले जातात, मेमरी कार्ड पुन्हा लिहिले जाते, आणि शेवटी ‘जास्त अँपिअरचा अडॅप्टर घ्या’ हा सल्ला मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे. अडॅप्टरवर किती अँपिअर छापले आहेत यापेक्षा भार सर्वांत जास्त असताना पोर्टाच्या तोंडाशी किती व्होल्ट उरतात, हे महत्त्वाचे.

होस्ट पोर्टाने काय द्यायचे हे २००० सालच्या यूएसबी २.० च्या मानकात स्पष्ट आहे. जोडलेले उपकरण सुरुवातीला १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेणार नाही. आपली गरज होस्टला कळवून परवानगी मिळाल्यावर ते ५०० पर्यंत जाऊ शकते. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० झाली. पण प्रवाहाच्या या आकड्यांसोबत विद्युतदाबाचीही अट आहे, आणि ती हमखास विसरली जाते : ५०० मिलिअँपिअर देणाऱ्या यूएसबी २.० पोर्टावर दाब ४.७५ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. म्हणजे अडॅप्टरपासून पोर्टापर्यंतच्या सगळ्या वाटेत मिळून पाव व्होल्टच खर्च करता येतो. शिवाय पोर्टाशी किमान १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. नवे उपकरण खुपसले की त्याच्या आतला रिकामा कपॅसिटर क्षणात प्रवाह ओढतो. तो धक्का पोर्टाने स्वतःच्या साठ्यातून सोसावा, शेजारच्या पोर्टावरच्या उपकरणाला तो जाणवू नये, हा त्यामागचा हेतू.

आता हा पाव व्होल्ट कुठे जातो ते पाहू. पाच व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या बोर्डांत अडॅप्टरकडून आलेला दाब वाढवणारे काहीच नसते. तोच दाब फ्यूज आणि स्विचमधून थेट यूएसबी पोर्टाकडे जातो. त्यामुळे वाटेत जे हरवले ते परत मिळत नाही. स्वस्त केबलमधल्या वीज वाहणाऱ्या तारा पुष्कळदा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, आणि प्रवाहाला जायचे तसे परतायचेही असल्याने एक मीटर केबलचा हिशेब ०.४३ ओहमपर्यंत जातो. बोर्ड स्वतः ६०० मिलिअँपिअर घेत असेल आणि पोर्टावरचे उपकरण ५००, तर १.१ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट केबलमध्येच संपतो. अडॅप्टर अचूक ५ व्होल्ट देत असला तरी बोर्डापाशी ४.५३ उरतात, बोर्डावरचा फ्यूज आणि स्विच यांचा खर्च अजून बाकीच आहे. तीच केबल २० गेजच्या तारांची घेतली तर घट ०.०७ व्होल्टवर येते. अडॅप्टर तोच, त्यावरचा अँपिअरचा आकडाही तोच, तरी निकाल उलटा.

रास्पबेरी पायचा इतिहास हेच सांगतो. २०१२ च्या पहिल्या मॉडेल बी बोर्डावर प्रत्येक यूएसबी पोर्टासाठी १४० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज होता. संरक्षण म्हणून तो योग्यच, पण अशा लहान फ्यूजचा स्वतःचा रोध ओहमच्या घरात असतो. जरा भुकेला डोंगल लावला की पोर्टावरचा दाब कोसळे. त्याच वर्षी पुढच्या उत्पादनातून हे फ्यूज काढले गेले. २०१४ च्या मॉडेल बी प्लसमध्ये त्या कामासाठी प्रवाह मर्यादित ठेवणारा स्विच आला : सर्व पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअर, आणि सेटिंग बदलल्यास १.२ अँपिअर. दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की इशारा देणारी सोयही आली. पडद्याच्या कोपऱ्यातले विजेचे चिन्ह ते हेच. पुढे कंपनीने स्वतःचे अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे केले. हा जादा दशांश वाटेतल्या घटीची आगाऊ भरपाई आहे. निर्मात्यालाच अँपिअरबरोबर व्होल्ट वाढवावा लागला, याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की फोन तर त्याच चार्जरवर, त्याच केबलवर व्यवस्थित चार्ज होतो. होतो, कारण फोनमध्ये बॅटरी आहे. दाब घसरला तर फोन कमी प्रवाह घेतो आणि चार्जिंगला वेळ लागतो, एवढेच. बोर्डाला असा साठा नाही आणि थांबायची मुभाही नाही. काही मिलिसेकंदांची घसरणसुद्धा पोर्टावरचे उपकरण रीसेट करू शकते. दुसरा आक्षेप : बोर्ड दिवसभर नीट चालतो, मग पुरवठा कमी कसा? दिवसभर सरासरी भार असतो. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकते, स्थिरावल्यावर त्याहून बराच कमी. हिशेब त्या क्षणाचा करायला हवा. तिसरा मार्ग सेटिंग बदलून मर्यादा वाढवण्याचा. त्याने तोटी मोठी उघडते, टाकीतले पाणी वाढत नाही. २०२३ चा पाय ५ हा फरक स्वतःच ओळखतो : ५ अँपिअर देण्याची ग्वाही अडॅप्टरने दिली तर पोर्टांना मिळून १.६ अँपिअर, नाहीतर ६०० मिलिअँपिअर. ती मर्यादा दुबळ्या अडॅप्टरवर सक्तीने उठवणे धोक्याचे आहे.

स्वतंत्र अडॅप्टरचा हब लावणे हा उपाय मात्र मला मान्य आहे, आणि हार्ड डिस्कसाठी तोच पहिला पर्याय समजावा. फक्त तो हब स्वतःची वीज उलट बोर्डाकडे ढकलत नाही ना, हे तपासून घ्यावे. मानकाला ते मंजूर नाही, तरी काही स्वस्त हब तसे करतात. नव्याने बोर्ड निवडणाऱ्यांनी १२ व्होल्ट घेऊन पोर्टाजवळच ५ व्होल्ट तयार करणाऱ्या बोर्डांचा विचार करावा. तिथे केबलमधली अर्ध्या व्होल्टची घट पोर्टापर्यंत पोचतच नाही. किंमत थोडी जास्त पडते, पण शेतातल्या किंवा कारखान्यातल्या, रोज कोणी पाहायला जात नाही अशा यंत्रासाठी ती वसूल होते.

तेव्हा पुढच्या वेळी डोंगल तुटला, तर ड्रायव्हर बदलण्याआधी सर्व उपकरणे जोडून, ती कामात असताना पोर्टावर मल्टिमीटर लावा. ४.७५ पेक्षा कमी दिसले, तर आधी केबल बदला, आखूड आणि जाड तारांची घ्या. मग अडॅप्टरकडे वळा. मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही, म्हणून पायवर ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञाही चालवून पाहा. बोर्ड सुरू झाल्यापासून दाब एकदा जरी इशाऱ्याच्या खाली गेला असेल, तरी त्याची नोंद त्या उत्तरात राहते.