कॅमेऱ्याआधी माइक

पुण्याहून हिंजवडीला रोज जाणारे कितीतरी जण आता आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतात. वारजे, कर्वेनगर, शिवणे या पट्ट्यातल्या घरांत त्यामुळे एक नवी खरेदी शिरली आहे: व्हिडिओ मीटिंगचे सामान. दुकानदाराचे उत्तर तयार असते. तो आधी कॅमेरा दाखवतो, तोही ‘फोर-के’. मग गोल रिंग लाइट, मग स्टँड. माइकचे काय, असे विचारले तर तो लॅपटॉपमध्ये असतोच की! हा क्रम साफ उलटा आहे. आधी आवाज, मग इंटरनेटची जोडणी, मग उजेड आणि पैसे उरलेच तर कॅमेरा, असा क्रम लावायला भक्कम कारणे आहेत, आणि ती आवडीनिवडीची नसून भौतिकशास्त्राची आहेत.

सामानाची शहाणी यादी दुकानापेक्षा न्यायालयात सापडते, आणि तिची सुरुवात मुंबईच्या एका खटल्यापाशी जाते. ‘महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात न्यूयॉर्कच्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती. तो साक्षीला तयार होता, भारतात यायला नव्हता. खालच्या न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला मुभा दिली, उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. (डॉ. देसाईंना २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निर्दोष ठरवले, हेही इथेच सांगायला हवे.) पडद्यावरचा साक्षीदार म्हणजे नुसता आभास, हा युक्तिवाद न्यायमूर्तींनी मानला नाही, आभासी वास्तव वेगळे आणि दुरून का होईना, खरोखर बोलणारा माणूस वेगळा, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने दूरस्थ सुनावणीचे नमुना नियम केले. त्यातल्या यादीत संगणक किंवा मोबाइल आणि इंटरनेट, वीज न तुटण्याची सोय, कॅमेरा, माइक आणि स्पीकर, पडदा, कागदपत्रे दाखवायचे यंत्र, फायरवॉल, पुरेसा उजेड आणि शांत, सुरक्षित जागा हे सगळे येते. कॅमेरा त्यात आहे, पण बाकीच्या सामानातला एक म्हणून. शांतता आणि खिडकीतला उजेड तर कुठल्याच दुकानात पेटीबंद मिळत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

चित्राच्या मोहाने आधी एक बडी कंपनी फसलेली आहे. अमेरिकेच्या एटी अँड टीने १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला, लोकांनी रांगा लावून तो पाहिला, आणि १९७०मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवा सुरू झाली; भाडे महिन्याला १६० डॉलर. ग्राहक इतके थोडे मिळाले की काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. महागाई हे एक कारण होतेच. पण बोलणे जे काम करत होते त्यात त्या छोट्याशा चित्राने फारशी भर पडत नव्हती, हेही तितकेच खरे. आजची मीटिंगची अॅपसुद्धा हेच मान्य करतात. जोडणी खंगली की ती आधी चित्र धूसर करतात, मग गोठवतात, पण आवाज शेवटपर्यंत सोडत नाहीत. बोलणे नीट पोचवायला सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात, एचडी चित्राला एक-दीड हजार लागतात. तरीही माणसे एक-दीड हजारवाल्याची चिंता करतात आणि तीसवाल्याला गृहीत धरतात.

त्या तीस किलोबिटांत काय भरले जाते, हे ठरते माइक तोंडापासून किती लांब आहे त्यावर. खोलीत बोललेला आवाज माइककडे दोन वाटांनी येतो: सरळ, आणि भिंती, फरशी, छत यांवर आपटून. सरळ येणाऱ्याची ऊर्जा अंतराच्या वर्गाने घटते; आपटून येणारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. ज्या अंतरावर दोन्ही सारखे होतात त्याच्या पलीकडे माइक ठेवला, की तो माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या आणि तिथे आवाज विरायला ०.६ सेकंद लागतो असे धरा, तर हे अंतर निघते अवघे सव्वा ते दीड फूट. चकचकीत टाइल्स, मोकळ्या भिंती, पडदा नाही, अशा नव्या फ्लॅटमध्ये ते आणखी कमी. लॅपटॉप तर दोन फुटांवर असतो! मीटिंगमधला माणूस बाथरूममधून बोलल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या गणितात आहे. इअरफोनच्या वायरवरचा माइक हनुवटीपाशी, अर्ध्या फुटावर लोंबतो. दोन फुटांचे अर्धा फूट झाले म्हणजे सरळ येणारी ऊर्जा सोळा पट झाली, आणि तीही काहीशे रुपयांत.

इअरफोनची दुसरी करामत समजायला प्रतिध्वनीकडे वळावे लागते. त्याचा इतिहास पुणे जिल्ह्यालाही चाटून जातो. नारायणगावजवळ आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी फोन आकाशमार्गे जाऊ लागले. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि पलीकडून परतलेला स्वतःचाच प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने कानावर आदळतो. आपलेच शब्द असे उशिरा ऐकू आले की माणूस अडखळतो. जुना उपाय होता एकाची बाजू बंद करून दुसऱ्याला बोलू देण्याचा. त्यात वाक्यांची सुरुवात छाटली जाई. खरा उपाय बेल प्रयोगशाळेत निघाला, आणि तो काढणाऱ्यांत होते मन मोहन सोंधी. दिल्लीत भौतिकशास्त्र, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दळणवळण अभियांत्रिकी, विस्कॉन्सिनला १९५७मध्ये पीएचडी, मध्ये वर्षभर पिलानीच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स संस्थेत काम, आणि १९६२पासून बेल लॅब. जगभरच्या प्रत्येक मीटिंगमध्ये त्यांची कल्पना राबते, पण त्यांचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

१९६७च्या निबंधात त्यांनी मांडलेली युक्ती किराणा दुकानात रोज दिसते. सुटे तेल देताना दुकानदार आधी रिकामा डबा तराजूवर ठेवतो आणि त्याचे वजन वजा करतो. प्रतिध्वनीचेही तसेच: स्पीकरमधून काय बाहेर पडले हे यंत्राला माहीत असते, ते खोलीत फिरून माइकमध्ये कोणत्या रूपात येईल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे वजा करायचे, उरले ते माइकसमोरच्या माणसाचे बोलणे. खुबी अशी की इथे डब्याचे वजन सारखे बदलते. कोणी खुर्ची सरकवली, दार उघडले, की नवा डबा. म्हणून सोंधींचे गाळणे उरलेली चूक पाहत स्वतःला दुरुस्त करत राहते. आणि तेल ओतत असताना डब्याचे वजन करता येत नाही. दोन्हीकडचे एकदम बोलू लागले तर दुरुस्ती थांबवावी लागते. मीटिंगमध्ये दोघे एकाच वेळी बोलले की एकाचा आवाज चिरका होतो किंवा गायब होतो, तो बहुधा इथेच. कानात इअरफोन घातला की स्पीकरचा आवाज माइकपर्यंत जवळजवळ जातच नाही. वजा करायला डबाच उरत नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: आता एआय आहे, ते गोंगाट काढून टाकते, मग माइकचे एवढे कौतुक कशाला? पंख्याची घरघर, बायपासवरून जाणाऱ्या ट्रकची सततची गाज हे सॉफ्टवेअर खरोखर छान काढते, कारण ते बोलण्यासारखे नसते. कुकरच्या शिट्टीलाही ते बऱ्यापैकी पुरून उरते. पण भिंतीवरून परतलेला आवाज हे बोलणेच असते, थोडे उशिराचे. शेजारच्या खोलीतला टीव्हीही बोलतच असतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा मग यंत्र अंदाज करते, आणि अंदाज चुकला की ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे उंच स्वराचे, दुबळे वर्ण आधी जातात. ‘सात’मधला ‘स’ गेला की ‘आत’ उरतो. माइकपर्यंत जे स्वच्छ पोचलेच नाही ते नंतर स्वच्छ करणे ही जाहिरातीत शोभणारी गोष्ट आहे.

महागड्या ब्लूटूथ इअरबड्सचीही एक गंमत आहे. गाणे ऐकताना ते उत्तम. पण त्यांचा माइक चालू झाला की पारंपरिक ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर उतरते आणि दोन्हीकडचा आवाज टेलिफोनच्या दर्जाकडे घसरतो. साधी वायर हा त्याग मागत नाही. तोच न्याय राउटरला. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि एका इमारतीत राउटर पंचवीस. त्या गर्दीत आवाजाची पाकिटे उशिरा, मागेपुढे पोचतात. एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. त्यापुढे माणसे एकमेकांचे शब्द तोडू लागतात. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल आणि राउटरला छोटा यूपीएस, एवढ्याने जे साधते ते इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन साधेलच असे नाही.

उजेडाचे गणित तर कॅमेऱ्याच्या वरताण आहे. अंधुक खोलीत कॅमेऱ्याचा चिमुकला संवेदक सिग्नल ताणून मोठा करतो, त्याबरोबर चित्रात दाणेदार कचरा येतो. हा कचरा प्रत्येक चौकटीत वेगळा, म्हणून तो दाबून लहान करता येत नाही. बिट्स चेहऱ्याऐवजी त्याच्यावर खर्ची पडतात. पाठीमागची खिडकी समोर घेतली की जुनाच कॅमेरा सुधारतो आणि जोडणीवरचा भारही उतरतो.

साक्षीदाराचा, रुग्णाचा चेहरा दिसायलाच हवा, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला साधा कॅमेरा व चांगला उजेड पुरतो. हा सगळा क्रम ज्यांच्यासाठी खरोखर उलटतो ते लोक वेगळे: खुणांच्या भाषेत बोलणारे कर्णबधिर. बोटांची हालचाल सेकंदाला दहा चौकटींत तुटते, पंचवीस-तीस चौकटी मिळाल्या तर वाचता येते. अॅपने आवाज वाचवायला चित्र गोठवले, तर त्यांचे बोलणेच थांबते. जोडणी खंगल्यावर आधी काय टाकायचे, हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक अॅप वापरणाऱ्याला आजही देत नाहीत.