खोक्यावरचे वॉट आणि दारातला स्पीकर

पावसाळा मध्यावर आला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते, ती थेट दिवाळीपर्यंत. निफाड तालुक्यातल्या या गावात गाडी आधी मालासाठी घेतली जाते. पण टोमॅटोला भाव मिळाला, द्राक्षाचा हंगाम साधला, हाताशी चार पैसे आले की तिच्यात पहिली भर पडते ती साउंडची. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला गाण्याची सोबत लागते, त्यामुळे हा खर्च मला कधीच वायफळ वाटला नाही. वाईट एवढंच वाटतं, की घामाच्या त्या पैशाचं अनेकदा चीज होत नाही. दुकानात शिरल्याबरोबर विचारलं जातं, "किती वॉटचा आहे?" आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

डेकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '५० वॉट x ४' असं छापलेलं असतं. आता गणित करून बघू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे हा दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. डेकमधल्या चिपला स्पीकरकडे पाठवायला एवढाच दाब मिळतो. आवाजाच्या लहरीचा माथा १४.४ व्होल्टवर टेकला, तर तिचं आरएमएस मूल्य, म्हणजे खरं काम करणारा दाब, साधारण १०.२ व्होल्ट भरतो. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की उत्तर येतं २६ वॉट. चिपमधली तूट वजा जाता प्रत्यक्ष स्पीकरला १८ ते २० वॉट पोचतात. मग ५० कुठून आले? १४.४ चाच वर्ग करून ४ ने भागा, ५२ येतात. लहर पार चौकोनी होईपर्यंत, आवाज पुरता फाटेपर्यंत ढकलल्यावरचा हा आकडा आहे. त्यात गाणं ऐकण्याजोगं राहत नाही.

म्हणून दुकानात 'आरएमएस किती?' असं विचारावं. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेचं सीटीए-२००६ नावाचं मानक आहे. त्यानुसार ॲम्प्लिफायरची ताकद १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर आणि विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मोजावी लागते. माहितीपत्रकावर त्याचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न स्पीकरबद्दलचा, आणि माझ्या मते तो वॉटपेक्षा मोलाचा आहे: सेन्सिटिव्हिटी किती? स्पीकरला १ वॉट देऊन १ मीटर अंतरावर आवाज मोजला, तर किती डेसिबल भरतो, ते हा आकडा सांगतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८७ डेसिबलवाल्याला ४० वॉट लागतील. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. तेव्हा नुसता डेकच वापरायचा असेल, तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. मात्र इथेही एक मेख आहे. काही कंपन्या १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ४ ओहमच्या स्पीकरला त्या दाबावर २ वॉट मिळतात आणि कागदावरचा आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्ही एकाच रीतीने मोजलेत ना, हे बघूनच घ्या.

गाडी कोणती, हेही यात आलंच. पिकअपच्या केबिनमध्ये इंजिनची घरघर, टायरचा आवाज आणि वारा मिळून खालच्या सुरांचा मोठा गोंगाट होतो. तिथे बेस बुडतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढवत नेला जातो. अशा गाडीला पुढच्या दारांत साडेसहा इंची चांगले कोॲक्सियल स्पीकर, म्हणजे ट्वीटर त्यातच बसवलेले, पुरतात. घरच्या कारमध्ये निवांत ऐकायचं असेल तर कंपोनंट सेट घ्यावा. त्यातला ट्वीटर वेगळा असल्यामुळे डॅशबोर्डजवळ बसवता येतो आणि गाणारा समोर बसून गातोय असं वाटतं. मागच्या दारांवर फार खर्च करू नये; गाडी चालवणारा पुढे बसलेला असतो.

मी जास्त आग्रह धरीन तो दाराच्या पत्र्यासाठी. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं उघडी असतील तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि यात पहिला जातो तो बेस. ती भोकं डॅम्पिंग शीटने नीट बंद केली, पत्र्याची थरथर थांबवली, तर तोच स्पीकर ओळखू येत नाही. पाणी खाली निघून जाण्याच्या वाटा तेवढ्या मोकळ्या ठेवाव्यात. बेस अचानक पातळ वाटला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या गेल्यात का, तेही तपासावं.

एवढं झाल्यावरही कमी वाटलं तर ॲम्प. चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० ते ७५ वॉट आरएमएसचा ॲम्प बहुतेक गाड्यांना भरपूर होतो. त्याच्या आतला वीजपुरवठा बॅटरीचा दाब चढवून घेतो, म्हणून डेकची मर्यादा त्याला अडवत नाही. त्यावरचं 'गेन' हे बटण आवाज वाढवण्यासाठी नसतं. डेककडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यासाठी असतं. ते शेवटपर्यंत फिरवलं की लहरींचे माथे कापले जातात आणि ट्वीटर जळतात. लहान ॲम्प असा फाडून वाजवल्यानेही स्पीकर जातात, हे अनेकांना पटत नाही. दारातल्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे सूर फिल्टर लावून बंद करावेत. ते काम वूफरचं.

वूफरचं बंद खोकं लहान असतं आणि ठोका नेमका देतं. भोक असलेलं खोकं जास्त वाजतं, पण मोठं असतं आणि मापात चुकलं तर गुरगुरतं. ॲम्प डी क्लासचा घ्यावा, कारण तो ८० टक्क्यांच्या पुढे वीज आवाजात लावतो. तरीही १००० वॉट आरएमएसचा ॲम्प पूर्ण ताकदीने चालताना ९० अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि लहान कारचा अख्खा अल्टरनेटरच तेवढ्याचा असतो. वायर शुद्ध तांब्याचीच मागा; बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीची दिसते, पण वीज कमी वाहते आणि तापते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर कुठे घासून उघडी पडली तर गाडी पेटण्यापासून वाचवणारी ती एकच गोष्ट आहे. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नट घट्ट आवळावा. आणि कंपनीची वायरिंग कापू न देता कपलर लावून घ्यावा, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवत नाही.

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. नाशिक-मुंबई फेऱ्या मारणाऱ्याचे ४ तास एकाच रात्रीत संपतात. त्यात मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला पाहिजे.

आता राहिले ट्रकवाले. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. घाईत एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून डेक जोडला जातो. मग ती बॅटरी सतत उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. त्यासाठी २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावावा किंवा २४ व्होल्टचाच डेक घ्यावा. १० अँपिअरच्या कन्व्हर्टरमधून १२० वॉटच्या आसपास मिळतात. त्यावर डेक आणि केबिनचे दोन चांगले स्पीकर आरामात चालतात. वूफरचा ॲम्प जोडायचा असेल, तर आधी कन्व्हर्टर त्या मापाचा घ्यावा आणि मगच वूफरचा विचार करावा.