पेट्रोल भरलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला?

परवा साताऱ्याहून सांगलीला येताना मित्राने कराडला टाकी फुल केली. पेठ नाक्याच्या आतच पिवळा दिवा लागला. त्याचा निष्कर्ष तयार : भेसळ!

असू शकते. पण आधी टाकीचं झाकण बघा. टकटक वाजेपर्यंत आवळा, रबराला चीर नाही ना तेही पाहा.

झाकण ठीक, पण पेट्रोल भरल्यावरच गाडी उशिरा स्टार्ट होते, थरथरते? मग पर्ज व्हॉल्व्हवर संशय घ्या. टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते, हा व्हॉल्व्ह ती बेताबेताने इंजिनला देतो. तो उघडाच अडकला, की भरताना दाबली गेलेली वाफ थेट इंजिनात. नोझल कट झाल्यावर राउंड फिगरसाठी वरून पेट्रोल ओतून घेणाऱ्यांचा कॅनिस्टरही भिजतो. सोडा राव ही सवय!

मित्राच्या गाडीला स्कॅनर लावला, कोड आला : पी ०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जादा. सकाळी थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढली, व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाला बोट लावलं. चांगलीच ओढ! थंड इंजिनवर ती नकोच. व्हॉल्व्ह बदलला, काम झालं.

पेट्रोलमध्ये पाणी असेल तर गाडी झटके देते, कारण इथेनॉल पाणी ओढून तळाशी बसतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या. मिसफायरने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, आणि तो महाग असतो.

तुमच्या गाडीत कोणता कोड आलाय? मॉडेल आणि वर्षासकट विचारा.