पोते किती वेळा उचलले जाते?

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे सांगलीस होतो. त्या काळात मार्केट यार्डातील गोदामांची तपासणी हा माझ्या कामाचा नित्याचा भाग होता. हळदीच्या थप्प्या मोजावयाच्या, आकडा साठा-पत्रकाशी ताडून पाहावयाचा आणि त्यावरून खातेदारास किती उचल द्यावयाची ते ठरवावयाचे. एकदा एका वयोवृद्ध खातेदारांनी मला हसत हसत म्हटले, “साहेब, तुम्ही पोती मोजता. मी ते पोते किती वेळा उचलले, ते मोजतो. दर उचलीला हमाली पडते, भाव मात्र पैशानेही वाढत नाही.” एम.कॉम.च्या पुस्तकांत परिव्यय-लेखांकनावर मी बरेच वाचले होते, पण इतक्या थोडक्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांचा नातू अभियंता झाला असून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हळद व मसाले दळून पाकिटबंद करण्याचा त्याचा कारखाना आहे. गतवर्षी तो एक जाडजूड फाईल घेऊन घरी आला. “काका, एकदा नजरेखालून घाला,” एवढेच म्हणाला. कारखान्यातील मालाची सर्व ने-आण यंत्रांकडे सोपविण्याचा तो प्रस्ताव होता. सरकते पट्टे, चालकाविना धावणाऱ्या गाड्या आणि उंच मांडणीतून माल ठेवणारी-काढणारी क्रेन, असा एकूण खर्च २ कोटी ४० लाख. त्यापैकी १ कोटी ८० लाख कर्जाऊ, आणि तारण म्हणून यार्डातील आजोबांचे दुकान. त्याच्या वडिलांची झोप कशाने उडाली असेल, हे व्यापारी घरातील वाचकांना सांगावयास नको.

ही यंत्रे म्हणजे काल-परवाची नवलाई नव्हे. हेन्री फोर्ड यांच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली मोटारीचा सांगाडा कामगारांसमोरून सरकू लागला आणि साडेबारा तासांचे जोडणीचे काम पुढे सुमारे दीड तासावर आले. त्यापूर्वीही कामगार तेच होते, हत्यारेही तीच होती. वाचला तो मुख्यतः माणसांच्या आणि सुट्या भागांच्या येण्याजाण्याचा वेळ. चालकविरहित गाडी अमेरिकेत १९५० च्या दशकातच अवतरली. ती तारेचा माग धरून चाले. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीने १९७४ साली काल्मार येथे अशाच गाड्यांवर मोटारी चढवून त्या कामगारांच्या गटागटांकडे नेण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी जूनमध्ये ओहायोतील एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरील बारकोड प्रथमच वाचला गेला. मालाची ओळख यंत्राला पटू लागल्यावाचून पुढील काहीच शक्य झाले नसते.

आजच्या गाड्यांना तारही लागत नाही. काही गाड्या जमिनीवरील चुंबकीय पट्टीवरून चालतात, तर काही लेझरच्या साहाय्याने भोवतालचा नकाशा स्वतःच तयार करतात आणि वाटेत माणूस आला की थांबतात. मिक माउंट्झ यांनी २००३ साली स्थापन केलेल्या किवा कंपनीने तर प्रश्नच उलटा मांडला. माणसाने मालापर्यंत का चालावे? मालाचे कपाटच माणसाकडे का येऊ नये? त्यांचे बुटके यंत्र कपाटाखाली शिरते, ते उचलते आणि कामगारासमोर आणून उभे करते. अॅमेझॉनने २०१२ साली ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. आपल्याकडेही नोएडाच्या अॅडव्हर्बसारख्या कंपन्या अशी यंत्रे बनवितात. २०२२ मध्ये रिलायन्सने तिचा ५४ टक्के हिस्सा घेतला.

नातवाच्या फाईलमध्ये या यशकथा भरपूर होत्या. कर्जाचा प्रस्ताव वाचताना मात्र फसलेल्या उदाहरणांकडेही पाहावे, ही माझी जुनी खोड आहे. डेन्व्हर येथील नवा विमानतळ प्रवाशांचे सामान आपोआप वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या जाळ्यामुळे गाजणार होता. तो गाजला, पण निराळ्याच कारणाने. चाचणीच्या वेळी बॅगा फाटल्या, गाड्या रुळांवरून घसरल्या आणि विमानतळ सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला. शेवटी २००५ साली ती व्यवस्था मोडीत निघाली. टेस्लाची कथा तर कारखान्याचीच आहे. मॉडेल-३ या गाडीचे उत्पादन रखडले, तेव्हा एलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये अतिरेकी स्वयंचलन ही आपलीच चूक असल्याचे जाहीरपणे कबूल केले. सुटे भाग वाहून नेणारे पट्ट्यांचे गुंतागुंतीचे जाळे त्यांनी उखडून टाकले होते. ब्रिटनमधील ओकॅडो कंपनीच्या यांत्रिक गोदामांना २०१९ आणि २०२१ मध्ये आगी लागल्या. दुसऱ्या वेळी तीन यंत्रे एकमेकांवर आदळल्याचे निमित्त झाले. विम्याचा हप्ता फाईलमध्ये धरला आहे का, हे मी तेव्हाच पाहिले. धरलेला नव्हता.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. यंत्रांचे आयुष्य दहा वर्षे धरले तर वार्षिक घसारा २४ लाख. दहा टक्के दराने पहिल्या वर्षीचे व्याज १८ लाख. देखभाल पाच टक्के म्हणजे १२ लाख. एकूण ५४ लाख. वाचणार होती बारा माणसांची मजुरी, प्रत्येकी वर्षाला ३ लाख धरून ३६ लाख. म्हणजे १८ लाखांची तूट. आता कारखाना दोन पाळ्यांत चालला तर? चोवीस माणसांचे ७२ लाख वाचतात आणि तेवढ्याच १८ लाखांचा लाभ होतो. हमाली कामाप्रमाणे वाढते किंवा घटते. व्याज मात्र यंत्र धावो वा उभे राहो, महिनाअखेरीस दाराशी हजर असते. नातवाचा कारखाना गणपती ते दिवाळी सोडली तर एकाच पाळीत चालत होता.

हे आकडे पाहून तो थोडा हिरमुसला. मी म्हटले, चल, आजोबांचे गणित करू. एका पोत्यामागे आम्ही दोघे दिवसभर कारखान्यात फिरलो. ट्रकमधून उतरणे, काट्यावर चढणे, थप्पीला लागणे, येथपासून भरलेला खोका पुन्हा ट्रकमध्ये चढेपर्यंत अकरा उचली भरल्या. त्यातील चार केवळ एवढ्यासाठी होत्या, की सफाईचे यंत्र आवाराच्या एका टोकाला आणि गिरणी दुसऱ्या टोकाला होती. टोयोटाचे ताईइची ओनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत मालाची अनावश्यक ने-आण आणि अनावश्यक साठा हे दोन आहेत. ज्या उचलीची गरजच नाही, ती यंत्राकडून करवून घेणे म्हणजे तोटाच यांत्रिक करणे होय. जपानी कारखान्यांत काराकुरी नावाची साधी योजनाही असते. उतरत्या रुळांवरून खोका स्वतःच्या वजनाने पुढे सरकतो आणि त्याच वजनाच्या बळावर रिकामा खोका परत येतो. वीज नाही, मोटार नाही, संगणकही नाही.

या साऱ्या हिशोबात एक गोष्ट बसत नव्हती, ती म्हणजे हमालाची पाठ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणावी, असे सांगते. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांच्या वेतनाला, भविष्यनिर्वाह निधीला आणि रजेला आधार दिला. परंतु कायद्याने ओझे हलके होत नाही. यार्डात पन्नाशीतच वाकलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि तपासणी आटोपून त्याच थप्प्यांच्या सावलीत चहाही प्यायलो आहे. यंत्राने ओझे काढून घेतले तर ते हवेच आहे, पण ओझ्याबरोबर त्यांची रोजीही जात असेल तर त्याला प्रगती म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. फाईलमधील त्या बारा माणसांपुढे ‘बचत’ हा एकच शब्द लिहिलेला होता. नातवास मी तेवढेच दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

पुढे सफाईचे यंत्र गिरणीशेजारी हलविले गेले आणि अकराच्या सात उचली झाल्या. गिरणी व पॅकिंग यांच्यामध्ये उतरते रूळ बसले. पॅकिंगपासून तयार मालाच्या गोदामापर्यंतच्या लांब वाटेवर दोन चालकविरहित गाड्या आल्या. सर्व मिळून सुमारे ३० लाख खर्च झाला आणि तो बहुतांशी घरच्या भांडवलातून भागला. बाराही माणसे कामावर आहेत. त्यांपैकी तिघे आता हातात बारकोड-वाचक घेऊन मालाची नोंद ठेवतात. सर्वांत जुन्या हमालाने पहिले आठ दिवस त्या यंत्राला हात लावला नाही. आता त्याच्या नोंदीत चूक सापडत नाही, असे नातू सांगतो.

दुसरी पाळी सुरू झाली की क्रेनचा विषय पुन्हा काढावयाचा, असे त्याने ठरविले आहे. परवा त्याचे वडील भेटले. म्हणाले, “काढू दे की. दुकानाची खरेदीखते मात्र माझ्याच कपाटात राहतील.”